साइतामाहून आलेले दिवे

नागुमो यासुजीच्या गाडीला सत्तावीस वर्षं झाली होती. उंच, चौकोनी एसयूव्ही, चारही चाकांनी ओढणारी. पत्रा खालून गंजला होता, पण इंजिन ठणठणीत होतं. गाडी खरं तर त्याच्या बायकोची. किनुको चार वर्षं दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी आपल्या थोरल्या बहिणीला, हात्सुएला, घाट उतरून तोकामाचीला डायलिसिसला नेत असे. याच वर्षी फेब्रुवारीत किनुको स्वयंपाकघरात पडली ती परत उठली नाही. अंत्यसंस्काराच्या दुसऱ्या दिवशी बुधवार होता. यासुजीने खिळ्यावरची किल्ली घेतली, हात्सुएच्या दारात गाडी उभी केली आणि भोंगा वाजवला. हात्सुए कोट घालून तयारच होती. तेव्हापासून हे काम त्याचं झालं.

तोचिझावा वाडीत आता अकरा घरं उरली होती आणि बस बंद होऊन तीन वर्षं झाली होती. हात्सुए एकोणऐंशीची, वजन बेचाळीस किलो, जीभ मात्र विशीतल्या पोरीची. तिचा मुलगा तोमोनोरी दूर मैदानी प्रदेशात, साइतामाला, नोकरी करत होता. ऑक्टोबरात तो आला, एका संध्याकाळी आईबरोबर दवाखान्यातून परत येताना गाडीत बसला, आणि घाट चढून होईपर्यंत त्याने आधाराला धरलेली डोक्यावरची कडी सोडली नाही.

"काका, हे हेडलाइट आहेत की मेणबत्त्या?" घरी पोचल्यावर तो म्हणाला. "मला रस्ताच दिसला नाही."

"मला दिसतो," यासुजी म्हणाला. "पाठ आहे मला."

"बर्फ पडल्यावर पाठ केलेलं काय कामाचं? आई, या हिवाळ्यात तू माझ्याकडे चल. घराजवळच वृद्धाश्रम आहे, डायलिसिस तिथेच खालच्या मजल्यावर होतं. जागा मिळतेय."

"मी इथेच मरणार," हात्सुए म्हणाली.

"मर, पण घाटात नको."

शेवटी ठरलं ते असं. यासुजीने दिवे सुधारून घ्यायचे. डिसेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारी तोमोनोरी येणार, पुन्हा गाडीत बसणार आणि काय ते ठरवणार. तोवर त्याने वृद्धाश्रमातली जागा धरून ठेवली होती.

यासुजीने मान डोलावली. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. हात्सुए गेली तर आठवड्यातले तीन दिवस रिकामे होतील, तेही एक वेळ चाललं असतं. पण वाडीत किनुकोचं नाव घेणारं माणूस राहणार नव्हतं. गाडीत मागच्या सीटवरून हात्सुए कधीतरी सहज म्हणायची, "इथे किनुको नेहमी ब्रेक उशिरा दाबायची," आणि तो म्हणायचा, "हो, माहीत आहे." एवढंच. पण एवढंच त्याला पुरत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी कुरियरने एक छोटा खोका आला. तोमोनोरीने पाठवलेला. आत एलईडीचे दोन बल्ब, मागे बोटाएवढा पंखा बसवलेले. सोबत चिठ्ठी: काका, जुने काढून हे बसवा, फार प्रकाश पडतो, माझ्या गाडीत हेच आहेत.

यासुजीने चाळीस वर्षं विणकामाच्या कारखान्यात यंत्रमागांची दुरुस्ती केली होती. बल्ब बदलणं त्याला अवघड नव्हतं. बसवले, सुरू केले, तर समोरची भिंत दुधासारखी पांढरी झाली. त्याने लगेच फोन करून आभार मानले. तोमोनोरी खूश झाला. यासुजीही त्या रात्री पोटभर जेवला.

बर्फाचा पहिला मोठा दिवस सोमवारी आला. साडेपाचला दवाखान्यातून निघाले तेव्हा अंधार पडून तास झाला होता आणि कापसासारखा ओला बर्फ पडत होता. गाव संपेपर्यंत सगळं ठीक होतं. चढ लागला तसा समोरचा प्रकाश हळूहळू विझत गेला. यासुजीला आधी वाटलं, आपलेच डोळे. मग वाटलं, बॅटरी. रस्त्याची कड दाखवणारे खांबांवरचे लाल-पांढरे बाण दिसेनासे झाले तेव्हा त्याने गाडी थांबवली आणि उतरून पुढे गेला. दोन्ही दिव्यांवर बर्फाचा जाड थर बसला होता. आत दिवा जळत होता, पण प्रकाश बाहेर येत नव्हता. त्याने हातमोज्याने थर पुसला, गाडीत बसला. किलोमीटरभर गेला नाही तोच पुन्हा अंधार.

"चौथी वेळ," मागून हात्सुए म्हणाली. डायलिसिसनंतर ती आडवी पडून असायची, पण मोजणं चालू होतं.

"ताई, झोपा."

"झोपून काय करू? दरीत जायचं असेल तर जागेपणी जाईन."

सात वेळा उतरावं लागलं. नेहमीची चाळीस मिनिटं, त्या दिवशी दीड तास लागला. एका वळणावर तर पुढचं चाक कडेच्या नालीच्या झाकणावर वाजलं, तेव्हा हात्सुए उठून बसली. दारात उतरताना ती म्हणाली, "तोमोनोरीला यातलं एक अक्षर सांगू नकोस."

मंगळवारी सकाळी यासुजी गाडी घेऊन ओनोझुकाच्या गॅरेजात गेला. ओनोझुका त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, म्हणजे चौऱ्याहत्तरचा. हिवाळी टायर घालायला उशीर केलेल्या लोकांच्या गाड्या दारात लागल्या होत्या, म्हणून तो आधीच वैतागलेला. यासुजीचं ऐकता ऐकता त्याने बॉनेट उघडलं, मागे पंखा लावलेला बल्ब पाहिला आणि जो हसत सुटला तो थांबेना.

"कोणी बसवले हे?"

"मीच. पण भाच्याने पाठवले. साइतामाहून."

"साइतामाचेच शोभतात! तिकडून बर्फ पाहायला तिकीट काढून येतात लोक." त्याने डोळे पुसले. "नागुमो-सान, इतके हिवाळे काढलेस इथे, आणि तुला ठाऊक नाही? जुना बल्ब तापतो. ती गरमी पुढच्या काचेला लागते आणि बर्फ वितळून जातो. हे नवं पोरगं थंड असतं. जी काय थोडी गरमी असते ती पंख्याने मागे इंजिनाकडे फेकतं. काच राहते गार. बर्फाला बसायला पाट मांडून दिलास तू."

"पण जुन्या बल्बांचा उजेडच पडत नव्हता."

"बल्बांचा दोष नव्हता तो." ओनोझुकाने इंजिन चालू करायला सांगितलं आणि मीटरची टोकं बॅटरीला लावली. चौदा व्होल्ट. मग यासुजीने खोक्यात घालून आणलेल्या जुन्या बल्बांपैकी एक बसवला आणि त्याच्यापाशी टोकं लावली. अकराच्या जरा वर. "बघ. वीज बॅटरीतून निघते, तुझ्या स्टिअरिंगच्या बटणापर्यंत जाते, तिथून परत पुढे येते. सत्तावीस वर्षांची बारीक वायर. येईपर्यंत तिचा जीव जातो. तुमच्या कारखान्यात शेवटच्या मागाला वीज कमी पडायची तेव्हा काय करायचास?"

"वेगळी जाड लाइन ओढायचो."

"मग इथे अक्कल कुठे गेली होती?"

हे किनुकोने विचारलं असतं तर त्याला आवडलं असतं, असं त्याच्या मनात आलं.

ओनोझुकाला वेळ नव्हता. त्याने जाड वायरचं भेंडोळं, बटणाच्या इशाऱ्यावर वीज सोडणारे दोन रिले, फ्यूज आणि मागच्या फळीवरचे पिवळे फॉग लाइट पुढ्यात टाकले, गॅरेजचा एक कोपरा दाखवला आणि म्हणाला, "हात आहेत ना तुला? कर. अडलं तर ओरड."

यासुजीने बॅटरीची ऋण बाजू आधी सोडवली. जुन्या वायरवरची टेप उकलली तर आतलं तांबं हिरवं पडलं होतं, बोटाला भुकटी लागत होती. त्याने बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून दोन्ही दिव्यांपर्यंत नवीन वायर ओढली. टोकं पक्कडने दाबून बसवली, प्रत्येक टोक ओढून पाहिलं. पत्र्याच्या कडेशी वायर घासू नये म्हणून तिला रबरी नळी चढवली. बटणाकडून येणारी जुनी वायर फक्त रिलेला लावली.

"जुनी वायर आता नुसती निरोप्या," येताजाता ओनोझुका म्हणाला. "दिवा लाव म्हणून सांगायचं आणि गप्प बसायचं. ओझं नवीन वायर वाहील. म्हाताऱ्यांचं असंच असावं."

"तू कधी गप्प बसलास?"

"मी अजून निरोप्या झालो नाही."

फॉग लाइट त्याने बंपरखाली, जमिनीपासून हातभर उंचीवर बसवले. त्यांना वेगळा रिले, वेगळं बटण. दुपारी तीनला बॅटरी जोडली आणि स्टिअरिंगचं बटण दाबलं. बॉनेटखाली रिले टक् करून वाजला. साधे जुने बल्ब, पण असा उजेड त्यांनी गेल्या दहा वर्षांत दिला नव्हता. ओनोझुकाने मीटर लावला. साडेतेरा. "आता ठीक," तो म्हणाला. त्याच्या तोंडून यापेक्षा मोठी शाबासकी कोणी ऐकली नव्हती.

मग दिव्यांची पातळी लावायची होती. भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी केली, भिंतीवर टेपने खुणा केल्या.

"रिकाम्या गाडीवर नाही लावायची," ओनोझुका म्हणाला. "मागे माणूस बसलं की नाक वर होतं. किती किलोची आहे तुझी मेव्हणी?"

"बेचाळीस."

ओनोझुकाने मागच्या सीटवर तीस किलोची तांदळाची गोणी ठेवली, तिच्या शेजारी रॉकेलचा भरलेला डबा. "चव्वेचाळीस झाले."

"दोन जास्त."

"कोट घालते ना ती?"

बुधवारीही बर्फ पडला, सोमवारपेक्षा जोरात. यासुजी एकदाही उतरला नाही. काचेवर बर्फ पडायचा आणि पाणी होऊन ओघळायचा. पिवळा उजेड खालून रस्त्याला चिकटून पुढे जात होता, त्यामुळे पडणारा बर्फ डोळ्यांवर येत नव्हता. कडेचा प्रत्येक बाण दिसत होता. मधल्या बोगद्याच्या तोंडाशी हात्सुए मागून म्हणाली, "मोजायला काहीच नाही रे आज," आणि थोड्या वेळाने घोरायला लागली. यासुजीच्या खांद्यांतला दोन दिवसांचा ताण त्या घोरण्याने उतरला.

खरं तर इथेच सगळं संपायला हवं होतं. पण गुरुवारी संध्याकाळी हात्सुएचा फोन आला.

"उद्या तोमोनोरी येतोय. त्याचे दिवे कुठे आहेत?"

"खोक्यात."

"खोक्यात? मुलगा एवढ्या लांबून येणार, आणि त्याने दिलेली वस्तू खोक्यात?"

यासुजीला ते पटलं, हीच तर अडचण होती. देणारा घरी आला की त्याने दिलेली वस्तू त्याच्या नजरेस पडली पाहिजे, ही किनुकोची शिस्त. ओसाकाच्या चुलतभावाचे कप, नावडती फुलदाणी, सगळं पाहुणा येण्याच्या आदल्या दिवशी फडताळातून बाहेर यायचं. आणि तोमोनोरीला दिवे काढून ठेवल्याचं कळलं की का काढले ते सांगावं लागणार, ते सांगितलं की सोमवारचं सांगावं लागणार. रेडिओवर सांगत होते, शुक्रवारी उघडीप. एका दिवसाचा तर प्रश्न होता.

शुक्रवारी सकाळी त्याने तापणारे बल्ब काढून फडक्यात गुंडाळले, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले आणि साइतामाचे दिवे पुन्हा बसवले.

तोमोनोरी आगगाडीने आला आणि साडेबाराला दवाखान्याच्या दारात भेटला. हात्सुएला आत सोडून तो गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. यासुजीने दिवे लावून दाखवले.

"वा, काका! कसे पांढरेशुभ्र! बसवायला त्रास नाही ना झाला?"

"नाही, नाही. फार उपकार झाले."

"आणि हे पिवळे?"

"ते असेच. ओनोझुकाकडे पडून होते."

दोघं सोबाच्या शेवया खायला गेले. तोमोनोरी खुशीत होता, वाट्याचं संपवून त्याने आणखी मागवलं. यासुजी खिडकीबाहेर पाहत होता. दोन वाजता ऊन गेलं. अडीचला पहिले कण पडले. साडेतीनला दवाखान्याच्या पार्किंगमध्ये सगळ्या गाड्यांचे वायपर काचेला चिकटू नयेत म्हणून उभे केलेले होते आणि त्यांच्या टपांवर चार बोटं बर्फ साचला होता.

तोमोनोरी आत आईपाशी बसला होता. यासुजी गाडीत एकटा बसून राहिला. हे दिवे घेऊन वर गेलं तर काय होईल ते त्याला ठाऊक होतं. आणि आता बदलले तर काय होईल तेही ठाऊक होतं. तो पाच मिनिटं बसला. मग मागच्या सीटवरची हात्सुएची घडी केलेली शाल त्याने पाहिली आणि उतरला. बॉनेट उघडलं, दिव्यामागची रबरी टोपी काढली, तारेची क्लिप सोडवली. बोटं गारठली होती. तापणाऱ्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नसतं, बोटाचं तेल लागलं की काच तडकते. म्हणून तो फडक्याने धरून बसवत होता, आणि टोपीवरून बर्फ मानेत जात होता.

"काका? काय करताय?"

तोमोनोरी यंत्रातून काढलेले कॉफीचे दोन गरम कॅन घेऊन उभा होता. त्याने बॉनेटच्या कडेवर ठेवलेला पंख्याचा बल्ब पाहिला.

यासुजीने खोटं शोधलं. सापडलं नाही.

"तुझे दिवे फार चांगले आहेत," तो म्हणाला. "पण ते तापत नाहीत. इथला बर्फ त्यांच्यावर चढून बसतो. सोमवारी सात वेळा उतरून पुसले मी. बुधवारी हे लावले, एकदाही उतरलो नाही. आज तू येणार म्हणून सकाळी परत तुझे लावले."

"सात वेळा," तोमोनोरी म्हणाला. "आई गाडीत होती?"

"होती."

"आणि तुम्ही मला कळवलं नाहीत."

"नाही. चूक झाली." यासुजीने कमरेतून वाकून माफी मागितली. बॉनेटवरचा बर्फ त्याच्या पाठीवर पडला.

तोमोनोरीचा चेहरा लाल झाला होता. "माझा मान ठेवायला तुम्ही हे लावून आईला घाटात नेणार होतात? मी काय लहान आहे? मी बर्फ न पाहता दिवे पाठवले, माझं चुकलं, तुम्ही फोन करून शिवी द्यायची! शिवी!"

"भाच्याला कशी देऊ?"

"द्यायची!" तो ओरडला. मग त्याच्याही लक्षात आलं की आपण पार्किंगमध्ये ओरडतोय, आणि त्यानेही वाकून माफी मागितली. दोघं एकमेकांसमोर वाकलेले. छत्री घेऊन जाणाऱ्या एका नर्सने त्यांना वळसा घातला. तोमोनोरी आत गेला आणि दवाखान्याच्या दारातली छत्री घेऊन आला. दुसरा बल्ब बसवून होईपर्यंत त्याने ती यासुजीच्या डोक्यावर धरली.

साडेपाचला निघाले. तोमोनोरी पुढे बसला, हात्सुए मागे आडवी. गाव मागे पडलं, चढ लागला. बर्फ आता वाऱ्याबरोबर आडवा येत होता. यासुजीने पिवळे दिवे लावले. फक्त वायपर वाजत होते. बाण एकेक करून पुढे येत होते आणि मागे जात होते. यासुजी रस्त्याकडे पाहत होता आणि डोळ्याच्या कडेने तोमोनोरीच्या हाताकडे. हात डोक्यावरच्या कडीला होता.

बोगद्यानंतरच्या मोठ्या वळणावर रस्ता जरा रुंद होतो. तिथे तोमोनोरी म्हणाला, "थांबवा."

यासुजीने गाडी बाजूला घेतली. तोमोनोरी उतरला, वाऱ्यात डोकं खाली घालून गाडीच्या पुढे गेला. काचेतून त्याचं फक्त धड दिसत होतं. तो खाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"काय करतोय तो?" मागून हात्सुएने विचारलं.

"बघतोय."

"काय बघायचंय एवढं? लग्नाला मुलगी आहे का ती?"

तोमोनोरी परत आला, दार लावलं, केसांतला बर्फ झटकला. हातमोजा काढलेला उजवा हात त्याने पुढे केला. हात ओला होता.

"गरम आहे," तो म्हणाला. "काच स्वच्छ आहे एकदम. पाणी ठिबकतंय." त्याचा आवाज बदलला होता. "काका, मला मघापासून बाण मोजता येतायत. ऑक्टोबरात एकही दिसला नव्हता, आणि तेव्हा बर्फही नव्हता."

"वायर खराब होती," यासुजी म्हणाला. "बल्ब नव्हे."

"चला."

पुढच्या वाटेत त्याने कडीला हात लावला नाही. वाडीचे दिवे दिसले तेव्हा त्याने खिशातून फोन काढून वृद्धाश्रमाला लावला, आणि पलीकडच्याची दोनदा माफी मागून म्हणाला की आई या हिवाळ्यात येत नाही, ती जागा दुसऱ्या कोणाला द्या. फोन ठेवून तो मागे वळला. "आई, एक अट आहे. बर्फ फार असेल त्या दिवशी काका मला आधी फोन करतील. खरं सांगतील. तू शिकवलेलं नाही."

"मी काय शिकवलं?" हात्सुए म्हणाली. "मी तर झोपले होते."

दारात गाडी थांबली. तोमोनोरीने आईला हाताला धरून आत नेलं. यासुजी तिची शाल घेऊन मागोमाग आला आणि चपला काढायच्या पायरीपाशी पोचला. तो बूट न काढता पायरीवर बसला. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते पुसायचं त्याला सुचलं नाही. त्याला इतकं हलकं वाटत होतं की हसू येईल की काय, असं वाटत होतं.

आतून हात्सुए डोकावली. तिने त्याच्याकडे पाहिलं, शाल त्याच्या हातातून काढून त्याच्याच खांद्यावर टाकली.

"बस जरा," ती म्हणाली. "तोमोनोरी, चहा टाक. तिघांचा. माझा अर्धाच कप. आणि यासुजी, सोमवारी पंधरा मिनिटं लवकर ये. आज तुम्ही दोघांनी पार्किंगमध्ये काय नाटक चालवलं होतं ते नर्सला समजावून सांगायला मला वेळ लागणार आहे."

"हो, ताई," यासुजी म्हणाला.